सादृश्याचे माप आणि ज्ञानरचनांची रुजुवात

तलाठ्याच्या दप्तरात एखादी जमीन बागायत म्हणून दाखल असते, आणि तीच जमीन पाटबंधारे खात्याच्या नोंदवहीत सिंचित क्षेत्रात मोडते किंवा मोडत नाही. दोन्ही दप्तरे एकाच गावाविषयी बोलत असली तरी त्यांचे खाने निरनिराळ्या हेतूंनी पाडलेले असतात, एकाचे सारा ठरविण्यासाठी व दुसऱ्याचे पाणीपट्टी वसूल करण्यासाठी, आणि म्हणून पहिल्यातला कोणता खाना दुसऱ्यातल्या कोणत्या खान्याशी जुळतो हा प्रश्न दोन्ही दप्तरे एकत्र करण्याचा हुकूम सुटेपर्यंत कोणालाही पडत नाही. हुकूम सुटला म्हणजे मात्र तो चुकविता येत नाही. वैद्यक, ग्रंथालये, जीवशास्त्र, व्यापार, सरकारी सांख्यिकी अशा प्रत्येक क्षेत्रात आज असली दप्तरे संगणकात साठली आहेत, आणि ती एकमेकांशी ताडून पाहण्याच्या प्रयत्नांतून गेल्या तीसपस्तीस वर्षांत एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आहे. त्या शास्त्राने काय साधले आणि काय साधले नाही याचा हा आढावा आहे.

प्रारंभीच एक भेद सांगून ठेवणे अवश्य आहे, कारण या विषयावरील बऱ्याचशा लेखनात तो पुसट झालेला आढळतो. दोन संकल्पना किती सारख्या आहेत हा एक प्रश्न, आणि त्या दोहोंना एकच मानावे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शून्य आणि एक यांच्या दरम्यानच्या एखाद्या अपूर्णांकाने देता येते. दुसऱ्याचे उत्तर होय किंवा नाही एवढेच असू शकते, आणि ते देणाऱ्यावर त्याच्या परिणामांची जोखीम येऊन पडते. पहिल्या प्रश्नात या शास्त्राने केलेली प्रगती खरोखर स्पृहणीय आहे. दुसऱ्या प्रश्नात ती तशी नाही, आणि माझ्या मते ती केवळ माप अधिक सूक्ष्म केल्याने होणारही नाही.

ज्या रचनांची ही तुलना करावयाची त्यांना संगणकशास्त्रात ऑन्टॉलॉजी म्हणतात. तत्त्वज्ञानात सत्तेच्या मीमांसेला हे नाव आहे. संगणकाच्या क्षेत्रात त्याचा अर्थ बराच माफक झाला. स्टॅनफर्डच्या टॉम ग्रूबर यांनी १९९३ मध्ये केलेल्या आणि पुढे सर्वत्र उद्धृत झालेल्या व्याख्येचा आशय असा की, एखाद्या विषयाची आपण मनात जी कल्पना केलेली असते तिचा स्पष्ट शब्दांत मांडलेला तपशील म्हणजे ऑन्टॉलॉजी. अशा ज्ञानरचनेत संकल्पना असतात, त्यांची एक किंवा अनेक नावे असतात, अमुक हा तमुकाचा प्रकार आणि अमुक हा तमुकाचा अवयव अशी नाती असतात, त्या संकल्पनांखाली येणाऱ्या प्रत्यक्ष व्यक्ती असतात, आणि एकच वस्तू या दोन्ही वर्गांत असू शकणार नाही अशा स्वरूपाचे निर्बंधही असतात. वैशेषिकांच्या सामान्य, विशेष आणि समवाय या पदार्थांशी ज्याचा परिचय आहे त्याला यात फारसे परके काही वाटणार नाही; फरक एवढाच की वैशेषिकांना सर्व जगाची एकच रचना अभिप्रेत होती, तर टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी २००१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील लेखात ज्या अर्थसंपन्न महाजालाचे चित्र रेखाटले त्यात प्रत्येक संस्थेने आपापली रचना करावी आणि यंत्रांनी त्यांच्यात दुवे साधावेत अशी अपेक्षा होती. रचना लिहिण्याची प्रमाणित भाषा २००४ मध्ये मान्य झाली. दुवे साधण्याचे काम मात्र भाषा ठरल्याने सुटणारे नव्हते. किंबहुना रचना लिहिणे जितके सुकर झाले तितक्या त्या अधिक झाल्या, आणि रुजुवातीचे ओझे वाढत गेले.

सादृश्य म्हणजे काय याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. नैयायिक आणि मीमांसक हे दोघेही उपमानाला स्वतंत्र प्रमाण मानतात आणि दोघांचे उदाहरणही एकच आहे: गाय पाहिलेली आहे, गवय पाहिलेला नाही, गवय गायीसारखा असतो असे ऐकलेले आहे, आणि मग अरण्यात तो प्राणी समोर येतो. नैयायिकांच्या मते या वेळी होणारे ज्ञान म्हणजे समोरचा प्राणी हाच ‘गवय’ शब्दाचा अर्थ होय, हे. मीमांसकांच्या मते ते ज्ञान घरच्या, आठवणीतल्या गायीविषयीचे आहे. माझी गाय या प्राण्यासारखी आहे, असे. हा वाद वरवर शुष्क वाटतो, पण सादृश्याला दिशा असते, आणि कोणत्या टोकाकडून पाहिले यावर त्यातून निष्पन्न होणारे ज्ञान अवलंबून असते, एवढे त्यातून निश्चित हाती लागते. एक वस्तू दुसरीहून भिन्न असून तिचे बहुसंख्य धर्म दुसरीत असणे ही सादृश्याची शास्त्रकारांची कल्पनाही लक्षात घेण्याजोगी आहे. भिन्नता तिच्यात पहिल्या पदापासूनच गृहीत आहे. जे सदृश आहे ते, त्याच कारणाने, एक नव्हे.

मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच दोन मुद्द्यांना गणिताचे रूप दिले. तोवर सादृश्याला अवकाशातील अंतराप्रमाणे मानण्याचा प्रघात होता, आणि अंतर तर दोन्ही बाजूंनी सारखेच असते. ट्वर्स्कींनी दाखविले की माणसे तशी तुलना करीत नाहीत: उत्तर कोरिया चीनसारखा आहे हे विधान लोकांना जितके पटते तितके चीन उत्तर कोरियासारखा आहे हे पटत नाही. त्यांच्या सूत्रात समान धर्मांची बेरीज अंशस्थानी येते, आणि छेदात समान धर्मांबरोबर केवळ पहिल्यात असलेले व केवळ दुसऱ्यात असलेले धर्म वेगवेगळ्या वजनांनी मिळविले जातात. ही वजने असमान ठेवली की माप दिशायुक्त होते. दोन्ही वजने एकाएवढी धरली तर पॉल जाकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी आल्प्समधील वनस्पतींची तुलना करण्यासाठी वापरलेले साधे गुणोत्तर हाती येते, ते म्हणजे दोहोंत समाईक असलेले भागिले दोहोंत मिळून असलेले. पुढे आलेल्या पद्धतींपैकी पुष्कळशा या सूत्राच्याच गोत्रातल्या आहेत, आणि धर्म म्हणून काय मोजावयाचे एवढ्यापुरतीच त्यांची शाखा बदलते.

सर्वांत सोपा धर्म म्हणजे नाव. रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये दिलेल्या मापात एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी किती अक्षरचिन्हे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात एवढेच मोजतात. ‘जिरायत’ आणि ‘जिराईत’ यांत हे अंतर एकाचे आहे, आणि लेखनभेदापुरते हे माप उत्तम काम देते. परंतु ‘हायपरटेन्शन’ आणि ‘हायपोटेन्शन’ यांतही ते एकाचेच आहे, आणि त्यांपैकी एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर रोग्याची काय गत होईल हे सांगावयास नको. उलटपक्षी ‘वृक्क’ आणि ‘मूत्रपिंड’ यांत एक व्यंजन समान नसून अवयव एकच आहे. यास्तव नावांच्या जोडीला पर्यायकोश घ्यावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९८६ मध्ये हाती घेतलेला एकीकृत वैद्यक भाषेचा प्रकल्प हा याच तत्त्वावर उभारलेला सर्वांत मोठा संसार होय: शब्दांचे प्रत्यय काढून, पदांचा क्रम एकसारखा करून यंत्र संभाव्य जोड्या पुढे ठेवते, तज्ज्ञ संपादक त्यांवर निवाडा देतात, आणि अशा रीतीने शेकडो शब्दसंग्रह एका महाकोशात आणून ठेवलेले आहेत. या शास्त्रातील नवे विद्वान नावांच्या तुलनेकडे काहीसे तुच्छतेने पाहतात. तसे पाहण्याचे कारण नाही. पुढे येईल त्याप्रमाणे, आजही अर्ध्याहून अधिक काम तीच करते.

नावांवर भागत नाही तेथे रचनेकडे वळावे लागते. एकाच वर्गवृक्षातील दोन संकल्पनांचे अंतर मोजण्याचा उपाय रॉय राडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वैद्यक विषयशीर्षकांच्या वृक्षावर करून पाहिला. एका संकल्पनेपासून दुसरीपर्यंत किती पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात ती संख्या म्हणजे अंतर. यातला दोष असा की सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या मानल्या जातात. वृक्ष लिहिणारा प्राणिशास्त्रज्ञ असला की प्राण्यांच्या फांदीला डझनभर पायऱ्या पडतात आणि घरगुती वस्तूंच्या फांदीला दोनतीनच. मग मापात जगाचा कमी आणि लेखकाच्या आवडीचा अधिक हिशेब येतो. वू आणि पामर यांनी १९९४ मध्ये समाईक पूर्वजाची खोली विचारात घेऊन हा दोष काहीसा कमी केला. फिलिप रेझ्निक यांनी १९९५ मध्ये सुचविलेला उपाय याहून मूलगामी होता: पायऱ्या मोजू नका, समाईक पूर्वज प्रत्यक्ष लेखनात किती विरळा आढळतो ते पाहा, कारण जे विरळा ते अधिक माहिती देणारे. दोन संकल्पना ‘वस्तू’ या पूर्वजापाशी मिळत असतील तर त्यांचे नाते नावापुरते. त्या एखाद्या दुर्मिळ पूर्वजापाशी मिळत असतील तर ते जवळचे. देकांग लिन यांनी १९९८ मध्ये हीच कल्पना प्रत्येक संकल्पनेच्या स्वतःच्या माहितीच्या प्रमाणात बसवून दिली. जीवशास्त्रात जनुकांच्या कार्यांची जी सर्वमान्य रचना फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या अभ्यासकांनी मिळून १९९८ पासून उभी केली, तिच्यावर ही मापे आजही चालतात.

मात्र ही सर्व मापे एकाच वृक्षाच्या आत चालणारी आहेत, आणि आपल्यापुढे दोन वृक्ष आहेत. कार्ल्सरूहे येथील अलेक्झांडर मेडखे आणि श्टेफेन श्टाब यांनी २००२ मध्ये दोन संपूर्ण रचनांची तुलना करण्याची जी पद्धत मांडली ती या प्रश्नाला थेट भिडते. त्यांनी तुलनेचे दोन स्तर केले. पहिल्यात दोन्हीकडील शब्दांची जुळणी. दुसऱ्यात प्रत्येक संकल्पनेचे सर्व पूर्वज आणि सर्व वंशज यांचा समूह करून, एका रचनेतील समूह दुसऱ्या रचनेतील समूहाशी किती मिळतो त्याचे गुणोत्तर. म्हणजे संकल्पनेची ओळख तिच्या नावावरून नव्हे, तर भाऊबंदकीवरून पटवावयाची. त्यांनी पर्यटन या विषयावर वेगवेगळ्या व्यक्तींकडून रचना करवून घेतल्या आणि त्या ताडून पाहिल्या. विषय एक, भाषा एक, तरीही माणसागणिक रचना वेगळी होते याचा तो एक उत्तम दाखला आहे. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथे सर्गेई मेल्निक, हेक्टर गार्सिया-मोलिना आणि लाइपत्सिगचे एऱ्हार्ट राम यांनी सादृश्याला पाण्यासारखे वाहू देण्याची युक्ती काढली: आरंभी नावांवरून प्रत्येक जोडीला थोडेसे माप द्यावयाचे, मग ते शेजारच्या जोड्यांकडे झिरपू द्यावयाचे, आणि आकडे बदलायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवावयाचे. दोन संकल्पनांचे शेजारी सारखे असतील तर त्या स्वतःही सारख्या असण्याचा संभव अधिक, एवढ्या साध्या गृहीतावर हे उभे आहे आणि आश्चर्य वाटावे इतके यशस्वी होते.

रचनेच्या सादृश्याबाबत एक सावधगिरी राखावी लागते, आणि तिचे उदाहरण आपल्याच भाषेत आहे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले मराठी शब्दजाल हिंदी शब्दजालाच्या आधारे, त्यातील अर्थसमूह एकामागून एक घेऊन घडविले गेले. याच पद्धतीने भारतीय भाषांचे एक मोठे जाल विणले गेले आहे. अशा दोन रचनांचे सादृश्य मोजले तर ते उच्चच येणार, कारण एकीच्या साच्यातूनच दुसरी निघाली आहे. ते माप भाषांच्या नात्याचे नव्हे तर कामाच्या रीतीचे आहे. इंग्रजीशी दुवा देताना मात्र या कर्त्यांनी विवेक दाखविला. काका आणि मामा यांसारख्या नात्यांना इंग्रजीतील एका सैल संकल्पनेशी समान न ठरविता तिचे पोटप्रकार म्हणून जोडण्याची तजवीज त्यांनी वेगळी ठेवली.

नाव आणि नाती दोन्ही सोडून प्रत्यक्ष व्यक्तींकडे पाहणे हा तिसरा मार्ग, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. आरंभीच्या दोन दप्तरांकडे या दृष्टीने पाहू. समजा, एका गावात तलाठ्याने ६० गट बागायत म्हणून लिहिले आहेत, पाटबंधारे खात्याने ७० गट सिंचित म्हणून लिहिले आहेत, आणि ४५ गट दोन्हीकडे आहेत. दोहोंत मिळून गट झाले ८५, आणि जाकारचे गुणोत्तर ४५ भागिले ८५, म्हणजे सुमारे ०.५३. हा आकडा पाहून दोन खाने निम्मेअर्धे सारखे आहेत एवढेच कळते. पण तलाठ्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्या बागायतीपैकी पाऊण भाग सिंचित आहे, आणि खात्याच्या बाजूने पाहिले तर सिंचितापैकी सुमारे ०.६४ एवढाच बागायत आहे. ट्वर्स्कींची दिशा येथे पुन्हा डोकावते. उरलेल्या गटांकडे बोट ठेवले म्हणजे खरी हकिकत बाहेर येते. जे १५ गट बागायत असून सिंचित नाहीत त्यांपैकी पुष्कळांवर खासगी विहिरी असतील, ज्यांचे पाणी खात्याच्या खिजगणतीत नाही. जे २५ गट सिंचित असून बागायत नाहीत तेथे कालवा आला पण पीकपाहणीतला शेरा बदलला नाही असे असू शकेल. कोकणातील तरी, म्हणजे भाताची जमीन, तर पावसाच्या साचलेल्या पाण्यावर पिकते. तिला सिंचित म्हणावे की असिंचित हे ०.५३ सारखा कोणताही आकडा सांगणार नाही. (यंत्राला शब्दकोश देऊन मोकळे सोडले तर ते ही तरी रश्श्यावर तरंगणाऱ्या तरीशी नेऊन जोडील, हेही येथे नमूद करावयास हरकत नाही.)

व्यक्तींवरून संकल्पना जुळविण्याचे हे तत्त्व अनहाई दोआन, जयंत माधवन, पेद्रो दोमिंगोस आणि अलोन हालेवी यांनी २००२ मध्ये सिअॅटल येथे ‘ग्लू’ या नावाने मांडले. दोन विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांच्या याद्या घेऊन, एकीकडील नोंदी पाहून शिकलेले यंत्र दुसरीकडील नोंदींचे वर्गीकरण करते. त्यावरून दोहोंत समाईक किती याचा अंदाज बांधतात आणि मग जाकारचेच गुणोत्तर काढतात. व्यक्ती समाईक नसतानाही चालणारी ही युक्ती आहे. व्यक्ती समाईक असल्या तरी त्या ओळखणे सोपे नसते. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा दोन दप्तरांतील एकच जमीन दोन अंकांनी लिहिलेली असू शकते, आणि खाने जुळविण्याआधी जमिनी जुळवाव्या लागतात. जर्मनीत रुडोल्फ विल्ले यांच्या संकल्पना-जालकांच्या गणिताचा उपयोग करून श्टुमे आणि मेडखे यांनी २००१ मध्ये दोन रचना एकत्र विणण्याचा जो प्रयत्न केला तोही याच पंथातला, पण त्याचा प्रसार मर्यादित राहिला.

२०१३ नंतर शब्दांना संख्यांच्या लांब माळांनी दर्शविण्याची पद्धत रूढ झाली आणि २०१८ नंतर संपूर्ण वाक्यांचा संदर्भ जाणणारी प्रारूपे आली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अशाच प्रारूपाला वैद्यक रचनांच्या नावांवर शिकवून जुळणी करून दाखविली. वृक्क आणि मूत्रपिंड यांची गाठ ही प्रारूपे बिनतक्रार घालतात. परंतु ज्या संदर्भांत ‘वाढलेला’ शब्द येतो त्याच संदर्भांत ‘घटलेला’ही येतो, त्यामुळे विरुद्धार्थी शब्द एकमेकांच्या निकट बसतात, आणि जुना दोष नव्या वेषात परत येतो. आधी अक्षरांच्या जवळिकीमुळे फसत होतो, आता संगतीच्या जवळिकीमुळे फसतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे एकीकरणाकडे येऊ. नतालिया नॉय आणि मार्क म्यूसेन यांचे ‘प्रॉम्प्ट’ हे साधन २००० मध्ये पुढे आले तेव्हा त्यांनी मोठी विनयशील भूमिका घेतली होती: यंत्राने जोडी सुचवावी, माणसाने ती मान्य करावी किंवा फेटाळावी, आणि मान्य केल्यास त्यातून उद्भवणारे विरोध यंत्राने लगेच दाखवून द्यावेत. एकीकरण म्हणजे फेरफाराची नोंद असून तिच्याखाली कोणाची तरी सही लागते हे त्यांनी ओळखले होते. हे विरोध कसे उद्भवतात हे एका उदाहरणावरून जवळून पाहण्यासारखे आहे.

वॉशिंग्टन विद्यापीठात शरीररचनेची एक अत्यंत काटेकोर ज्ञानरचना तयार झाली आहे. तिच्यात हृदय हा एक अवयव आहे, आणि डावी जवनिका ही हृदयाचा भाग आहे. दुसरीकडे स्नोमेड सीटी ही चिकित्सकांची प्रचंड परिभाषा आहे, जी स्वतःच एका एकीकरणाचे अपत्य होय: अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञांच्या महाविद्यालयाची परिभाषा आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील, लफबरोचे डॉक्टर जेम्स रीड यांनी आरंभिलेले संकेतांक, ही दोन घराणी एकत्र करून ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात तीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. जवनिकेचा रोग हा हृदयाचा रोग म्हणून आपोआप गणला जावा या सोयीसाठी स्नोमेडने हृदयाच्या दोन संकल्पना केल्या: ‘हृदयरचना’, जिच्यात हृदय आणि त्याचा कोणताही भाग येतो, आणि ‘संपूर्ण हृदय’. ‘हृदय’ हे साधे नाव पहिलीच्या पर्यायांत आहे. आता नाव जुळविणारे कोणतेही माप शरीररचनेतील हृदयाची गाठ स्नोमेडच्या हृदयरचनेशी घालणार, आणि तिला जवळजवळ पूर्ण गुण देणार. दोन्ही एक मानून रचना मिसळल्या की तर्काचा ओघ सुरू होतो: जवनिका हा हृदयरचनेचा प्रकार, हृदयरचना म्हणजे हृदय, म्हणून जवनिका हा हृदयाचाच एक प्रकार, म्हणजे एक संपूर्ण अवयव, आणि शरीररचनेत तर अवयव आणि अवयवाचा भाग हे दोन वर्ग एकमेकांपासून अलग राखलेले. अशी वस्तू असूच शकत नाही असा निष्कर्ष निघतो. चूक एका जोडीची, पण ती वंशजांच्या सबंध फांदीला बाधते. वैद्यक महाकोशातून उचललेल्या जोड्या घेऊन अशा रचना एकत्र केल्या असता हजारो संकल्पना अशक्य ठरतात असे ऑक्सफर्डच्या अर्नेस्तो हिमेनेस-रुइस आणि बर्नार्दो कुएन्का ग्राऊ यांनी दाखविले, आणि २०११ मध्ये ‘लॉगमॅप’ हे साधन देऊन विरोध उत्पन्न करणाऱ्या जोड्या छाटण्याची व्यवस्था केली. छाटताना ते कमी विश्वासाची जोडी आधी छाटते. हा न्याय व्यवहार्य आहे, पण वरील उदाहरणात पूर्ण गुणांची जोडीच चुकीची होती हे विसरता येत नाही.

दुसरा अनर्थ संक्रमणाचा. एकत्व हे संक्रमणशील असते, सादृश्य नसते. क हा ख सारखा आणि ख हा ग सारखा असला तरी क आणि ग यांचे सादृश्य विरून गेलेले असू शकते. महाजालावर जेथे तेथे ‘हे तेच’ अशी खूण करण्याची सवय लोकांना लागली, तेव्हा हॅरी हॅल्पिन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्या खुणेची झडती घेऊन तिच्याखाली किती भिन्न नाती दडपली आहेत हे उघड केले. शब्दसंग्रहांसाठी २००९ मध्ये ठरलेल्या प्रमाणात म्हणूनच पाच वेगळी नाती दिलेली आहेत: तंतोतंत, निकटचे, व्यापक, संकुचित आणि केवळ संबंधित, त्यांपैकी तंतोतंत नाते तेवढे संक्रमणशील, निकटचे तसे नाही. हा एक छोटासा नियम मला अनेक किचकट सूत्रांहून मोलाचा वाटतो.

या सर्व पद्धतींची परीक्षा २००४ पासून दरसाल भरत आली आहे आणि ग्रेनोबलचे जेरोम यूझना हे तिच्या प्रवर्तकांपैकी एक. तिच्यातील प्रसिद्ध प्रश्न म्हणजे प्रौढ उंदराची शरीररचना, २,७४४ संकल्पनांची, आणि माणसाची, ३,३०४ संकल्पनांची, यांची जुळणी. येथे केवळ नावे तंतोतंत जुळविली तरी अपेक्षित जोड्यांपैकी सुमारे तीन-पंचमांश सापडतात आणि त्यांत चुकीची जवळजवळ एकही नसते. उरलेल्यांसाठी वीस वर्षांची बुद्धी खर्ची पडली. परंतु उंदराचे हृदय आणि माणसाचे हृदय हे कोणत्या अर्थाने एक? उत्तरपत्रिकेत ‘समान’ असे लिहिले आहे, पण त्याचा अर्थ अनुरूप एवढाच असू शकतो. वैद्यकाच्या मोठ्या रचनांच्या परीक्षेत तर ज्या जोड्यांमुळे तर्कविरोध येतो त्यांपुढे परीक्षकांनीच प्रश्नचिन्ह घालून ठेवले, आणि त्या बरोबर धरू नयेत व चूकही धरू नयेत असे ठरविले. गुण देण्याची अधिक प्रामाणिक रीत मेल्निक यांनी आधीच सुचविली होती: यंत्राने दिलेल्या यादीतील चुकीच्या जोड्या खोडण्यास आणि राहिलेल्या भरण्यास माणसाला जे श्रम पडतात, ते सर्व काम हातांनी करण्याच्या श्रमांतून वजा करावेत. या हिशेबात निम्म्याहून अधिक सूचना चुकीच्या असल्या की माप ऋण होते, म्हणजे यंत्राने काम वाढविले. स्पर्धांतून ही रीत मागे पडली. कारण समजण्यासारखे आहे; ऋण गुण कोणाला आवडत नाहीत.

आपल्या देशात हा प्रश्न आता थेट दवाखान्यापर्यंत आला आहे. भारत २०१४ मध्ये स्नोमेडच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला आणि त्या परिभाषेचे राष्ट्रीय वितरण पुण्यातील सी-डॅकमधून होते. दुसऱ्या बाजूस आयुष मंत्रालयाने आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतील व्याधींची प्रमाणित परिभाषा ‘नमस्ते’ या नावाने २०१७ मध्ये उपलब्ध करून दिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाच्या प्रकरणासाठी या तीन पद्धतींचा विभाग दिल्लीत जाहीर झाला. येथे सर्वांत सोपी वाटणारी जोडी घ्यावी: ज्वर. कोश पाहिला तर ज्वर म्हणजे ताप, आणि नावाचे माप पूर्ण गुण देईल. रचना पाहिली तर आधुनिक वर्गीकरणात, कारण न कळलेला ताप लक्षणांच्या प्रकरणात आहे, आणि चरकाच्या निदानस्थानाचा आरंभच ज्वर या व्याधीने होतो, जिचे दोष आणि आगंतुक हेतू यांवरून आठ प्रकार पाडलेले आहेत. पूर्वज निराळे, वंशज निराळे, आणि मेडखे-श्टाब यांचे गुणोत्तर शून्याकडे झुकणारे. जागतिक वर्गीकरणाने या दोहोंची मोट बांधण्याचा मोह टाळला, हे मला योग्य वाटते. पारंपरिक निदानाचा संकेतांक मुख्य प्रकरणांतील संकेतांकाला जोड म्हणून, शेजारी लिहावा अशी सोय केली.

या सोयीचा एक परिणाम असा की, एकाच रोग्याच्या कागदावर दोन्ही संकेतांक नियमाने पडू लागले तर ग्लूच्या कर्त्यांना यंत्राकडून अंदाजाने मिळवावी लागलेली गोष्ट, म्हणजे दोन्ही रचनांत समाईक असलेल्या व्यक्ती, येथे प्रत्यक्ष नोंदीतून मिळेल. वातज्वराचे किती रोगी कोणत्या आधुनिक संकेतांकाखाली आले आणि त्या संकेतांकाचे किती रोगी वातज्वराखाली आले, ही दोन वेगवेगळी गुणोत्तरे मग काढता येतील. अर्थात तो हिशेब करणाऱ्याला आधी हे पाहावे लागेल की दोन्ही संकेतांक एकाच वैद्याने एका बैठकीत लिहिले, की दोघांनी एकमेकांचा कागद न पाहता. कारण पहिल्या प्रकारात जे मोजले जाईल ते रोगांचे सादृश्य नसून त्या वैद्याच्या मनातील तक्ता असेल.